शेंदरी हात

शेंदरीच्या बियांचा रंग उन्हाला टिकत नाही. कपड्याला लागो, भिंतीला लागो की पायात घोटाळणाऱ्या मांजरीला लागो, दोन-तीन आठवडे ऊन खाल्लं की तो आधी फिका पिवळा होतो आणि मग होता की नव्हता यावर वाद घालायची वेळ येते. म्हणून बिया सावलीत वाळवायच्या, वड्या डब्यात झाकून ठेवायच्या. शेंदरीची झाडं असलेल्या त्या उतारावर हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. सुनेला ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. माहेरहून आणलेल्या कोऱ्या चादरीवर रंगाचं भांडं लवंडलं आणि ती रडायला लागली, तेव्हा सासरे म्हणाले होते, "रडतेस काय? उन्हात टाक. महिन्याभरात चोरी पचते."

आणि तरीही रंगाच्या शेडच्या दक्षिण भिंतीवरचा तो हात तीन वर्षं तसाच होता.

लहानसा हात. पाच बोटं, त्यातली करंगळी जरा वाकडी, कारण ती जन्मतःच वाकडी होती. जमिनीपासून दोन हातांवर, पत्र्याच्या वळचणीखाली, पाऊस लागणार नाही पण ऊन लागेल असा. सुनेच्या थोरल्या लेकीचा हात. ती गेली तेव्हा साडेपाच वर्षांची होती. तिचे कपडे सुनेनं बांधून माळ्यावर टाकले, चपला कुणाला तरी देऊन टाकल्या. भिंतीवरचा हात आपणहून उडेल म्हणून तिनं वाट पाहिली. पहिला उन्हाळा गेला, दुसरा गेला. हात काही उडेना. तेव्हापासून शेडमध्ये शिरताना ती त्या हाताकडे बघायची आणि मगच कामाला लागायची. आबा, म्हणजे सासरे, रोज सकाळी आपला तळवा त्यावर ठेवायचे. नवरा तिकडून जायचंच टाळायचा, लांबचा फेरा मारायचा. पण पुसायला कुणाचा हात झाला नाही.

"जायला तयार नाही पोर," आबा म्हणायचे. "राहू दे. आपलं काय खातेय?"

त्या वर्षी बोंडं तोडायच्या ऐन दिवसांत पावसाची पिरपिर लागली. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. नवरा आकडीनं फांदी वाकवून धरायचा आणि सून बोंडं खुडायची. शेंदरीच्या बोंडावर मऊ काटे असतात. कोरडी असताना टोचत नाहीत, ओली झाली की नखाखाली शिरतात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. टोपल्या घरी येईपर्यंत निम्मी बोंडं काळी पडलेली. फोडून बी तळहातावर चोळली तर एरवी हात विटेसारखा लाल व्हायचा, यंदा गाजरावर भागत होतं.

"बी रुसलीये," आबा बोटांत बी फिरवत म्हणाले. "तिला जास्त मुरवावं लागणार. एका रात्रीचं काम नाही, चार दिवस ठेवू पिंपात. खारही दुप्पट घालू."

"डेअरीचा माणूस बुधवारी येणार आहे, आबा," नवरा म्हणाला.

"येऊ दे. फिका रंग देऊन तोंड काळं करायचं का?"

हा रंग डेअरी घ्यायची. चीज मुळात पांढरटच असतं. लोकांना ते केशरी-पिवळं हवं असतं, म्हणून टाकीभर दुधात यातली एक वडी विरघळवतात. काम तसं सरळ. राखेच्या खारात बी भिजत घालायची, दोन्ही हातांनी चोळचोळ चोळायची, पाणी गाळायचं, आंबट घालून रंग तळाला बसवायचा आणि वड्या थापायच्या. सांगायला चार वाक्यं लागतात, पण चोळणाऱ्याचे कोपरापर्यंत हात उलतात. सुनेचे हात हंगामात इतके भेगाळायचे की केस विंचरताना केस त्यात अडकायचे.

पूर्वी बी लाकडी टाकीत भिजायची. सहा वर्षांपूर्वी ती टाकी फुटली आणि आबांनी लोखंडी पिंप आणलं. त्या पिंपावर त्यांचा जीव. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गंज चढू नये म्हणून त्याची सगळी निगा ते स्वतः राखायचे, आणि म्हातारा पिंपाला पोरासारखं न्हाऊ-माखू घालतो म्हणून लोक हसायचे.

आणखीही एक गोष्ट होती आबांची. वडी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते ओल्या रंगात बोट बुडवून चाटायचे. "पोटात जाणारा रंग आहे. खाणाऱ्याच्या आधी करणाऱ्यानं खावा." उभ्या आयुष्यात त्यांनी रंगात विटेची भुकटी घातली नाही की पीठ मिसळलं नाही, आणि ते चाटलेलं बोट म्हणजे त्यांची शपथच होती. थोरली चालायला लागली तशी तीही गुडघ्याशी येऊन उभी राहायला लागली. आबा तिला बोट चाटवायचे. ती केशरी जीभ पूर्ण बाहेर काढून दाखवायची आणि मग टाळूला लावून वाजवायची, टॉक! डेअरीची माणसं पोट धरून हसायची. "आमचा शिक्का तिच्या जिभेवर आहे," आबा सांगायचे.

मग तिचं पोट दुखायला लागलं. पोरांची पोटं दुखतातच. शेकलं, चोळलं. ती जेवेना, शौचाला होईना, चिडचिडी झाली, पांढरीफटक पडली. एकदा पायरीवरून पडली, नंतर सपाट जमिनीवर पडली. शेवटी झटके यायला लागले. दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. मेंदूला ताप चढला, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर कुणी काय बोलणार?

तेव्हा धाकटी दहा महिन्यांची होती. सुनेनं एकच गोष्ट निक्षून सांगितली होती, की या पोरीला रंग चाटवायचा नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. रंगावर संशय नव्हता. ती जीभ पुन्हा बघायची ताकद तिच्यात नव्हती, एवढंच. आबांनी मान हलवली होती.

पिंपात बी घातल्याच्या तिसऱ्या दिवशी सून खारात हात घालून बी चोळत होती. शेजारी चाळण मावशी गाळायचं फडकं धरून बसलेली. ती हंगामात गाळणीला यायची, आणि तिच्या पोटातही काही टिकायचं नाही, म्हणून हे नाव दोन्हीकडून बसलं होतं.

शेडच्या मागून आवाज आला. टॉक.

सुनेचे हात पाण्यातच थांबले. "ऐकलंस, मावशी?"

"काय?"

पुन्हा, टॉक.

ती तशीच उठली, कोपरापासून रंग ठिबकत मागे गेली. दक्षिण भिंतीशी धाकटी बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, पाठ त्या हाताखाली टेकलेली.

"टॉक कुणी केलं गं?"

धाकटीनं तिच्याकडे बघितलं, मग बाजूला बघितलं. "मी नाही."

"मग कुणी?"

"ताईनं."

या पोरीनं ताईला कळत्या वयात पाहिलं नव्हतं. त्या जिभेची गोष्ट तिच्यासमोर घरात कुणी काढत नव्हतं.

मावशी मागोमाग आलीच होती. तिनं भिंतीकडे बघून हळूच पदर तोंडाला लावला. "लहानांना दिसतं गं बाई. एकटीला करमत नसेल तिला. बोलावत असेल."

"गप बस मावशी," सून म्हणाली. पण तिचा आवाज गप बसवण्यातला नव्हता.

"आई, पोट दुखतं," धाकटी म्हणाली.

त्या दिवसापासून सुनेला झोप लागेना आणि दिवसाही धड जाग येईना. धाकटी ताटातला घास बोटांनी ढकलायची. बाहेर खेळायला गेली की अर्ध्या वाटेतून परत येऊन उंबऱ्यावर बसायची. तिला उचललं की ओरबाडायची. सून तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघायची, पांढऱ्या. थोरलीच्या अशाच झाल्या होत्या. सगळं त्याच पावलांनी येत होतं, जणू वाट पाठ असलेलं कुणीतरी पुढे चालतंय. काम करता करता ती मनातल्या मनात थोरलीशी बोलायला लागली. बाई गं, तुला हवं तर मला ने. तुझी आई तुला पुरेल. हिला सोड.

"दवाखान्यात दाखवू या," ती नवऱ्याला म्हणाली.

"बुधवार होऊ दे. रंग जाऊ दे एकदा."

"थोरलीच्या वेळीही रंगच जायचा होता."

नवऱ्यानं ताट सरकवलं आणि तो उठून गेला. हे बोलायचं नव्हतं, असं तिला वाटलं, आणि बोलले ते बरं झालं असंही वाटलं.

बुधवारी डेअरीची गाडी आली ती नेहमीचा माणूस घेऊन नाही. एक बाई उतरली. साधे कपडे, पायात बूट, खांद्याला पिशवी. गाडीतून तिनं आधीच्या खेपेचे दोन डबे उतरवले, उघडलेले. डबे परत आलेले बघून आबांचा चेहरा पडला. या घरातून गेलेला डबा कधी परत आला नव्हता.

"मी डेअरीच्या तपासणीची," ती म्हणाली. "यंदापासून खाण्याच्या प्रत्येक रंगाची तपासणी करायची असा नियम झालाय. तुमच्या रंगात शिसं सापडलं."

"कसलं शिसं?"

"शिसं. धातू. विष असतं ते."

आबा हसले. खरंच हसले. "बाई, हा झाडाचा रंग आहे. झाडाला काय शिशाची फुलं येतात?"

"शेंदरी चांगलीच असते, आजोबा. क्वचित एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, बाकी पिढ्यान्‌पिढ्या लोक खातात. पण झाडाचं आहे म्हणून त्यात दुसरं काही पडणारच नाही, असं नसतं. कुठून आलं ते शोधायचंय मला. मातीतून, पाण्यातून, भांड्यातून."

"मिसळ केली म्हणता?" आबांचा आवाज चढला. नवरा पुढे झाला, पण त्यांनी त्याला हातानं मागे सारलं. हात वर गेला आणि मनगटापासून पुढचा पंजा लोंबतच राहिला. वर्षभरात त्यांचं उजवं मनगट पडलं होतं, पेला धरायलाही दुसऱ्या हाताचा आधार लागायचा. वय झालं, असं ते म्हणायचे. बाई त्या पंज्याकडे बघत राहिली.

आबांनी डाव्या हाताचं बोट ओल्या रंगात बुडवलं आणि सगळ्यांसमोर चाटलं. "हे बघा. मी खातो. माझं घर खातं." आणि त्यांनी तेच बोट पुन्हा बुडवून खाली केलं. धाकटी कुठून आली ते सुनेला दिसलंच नाही. ती आली, सवयीनं तोंड उघडलं, बोट चाटलं आणि जीभ टाळूला लावली. टॉक.



आबांनी सुनेकडे बघितलं नाही. म्हणजे पोरीला ते चाटवत होते. लपून, शेडमागे, आईला सांगायचं नाही म्हणून. थोरलीची जीभ त्यांनी धाकटीला शिकवली होती. कुणी भूत बोलावत नव्हतं. बोलावणारा हाडामांसाचा होता आणि नातीवर जीव टाकत होता. सुनेला संताप आला, आणि त्याच्या आत कुठंतरी एक वेडं दुःखही झालं, की मग ती आवाज करणारी थोरली नव्हतीच.

"हिचं पोट दुखतं का?" बाईनं एकदम विचारलं.

"घोड्यासारखी आहे पोरगी," आबा म्हणाले.

"दुखतं," सून म्हणाली. सासऱ्यांच्या पुढ्यात त्यांच्या वरचढ ती पहिल्यांदाच बोलत होती. "जेवत नाही. शौचाला होत नाही. हिची मोठी बहीण अशीच करत गेली."

बाईनं चिठ्ठी लिहून दिली. रक्त तपासून घ्या, उद्याच्या उद्या, उशीर करू नका. मग तिनं बी घेतली, विहिरीचं पाणी घेतलं, झाडाखालची माती घेतली. पिंपाशी आली. पिंप जवळजवळ भरलेलं, वरची चार बोटं तेवढी कड दिसत होती. तिनं वाकून बघितलं.

"आतून कसला रंग आहे याला?"

"शेंदरी," आबा म्हणाले. "शेंदरीच्या पिंपाला निळा असणार आहे का?"

तीही हसली. तिनं कागदावर 'शेंदरी' लिहिलं. "भांडी मात्र स्वच्छ ठेवा. गंजबिंज नको," एवढं सांगून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सुनेनं धाकटीचं रक्त देऊन आणलं. उत्तर चार दिवसांनी येणार होतं. त्याआधी डेअरीचा निरोप आला, की माती चांगली, पाणी चांगलं, बीही चांगली. तयार रंगात तेवढं शिसं आहे. नवरा डोकं धरून बसला. मावशी म्हणाली, कुणीतरी वाकडं बघितलंय या घराकडं. आबा मात्र काही न बोलता उठले. त्यांनी पिंप उपसलं, उन्हात आडवं केलं आणि आतून घासायला बसले. बाईनं स्वच्छ ठेवा म्हटलं होतं ना? त्यांचा शब्दाला पक्का स्वभाव.

सून ओसरीवर डाळ निवडत होती. समोर आबांचं चाललं होतं. खरखर घासणं झालं, फडक्यानं पुसणं झालं. मग त्यांनी फळीवरून एक डबा काढला आणि काठीनं ढवळला. जवसाच्या तेलाचा वास आला. लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावतात तो, तेलात कालवलेला शेंदूर. रहाटाच्या कण्याला लावतात, फाटकाच्या बिजागरीला लावतात. आबांनी पडलेल्या मनगटात ब्रश फडक्यानं बांधून घेतला होता आणि पिंपात डोकं घालून ते आतल्या बाजूला हात मारत होते. दर हंगामाआधी हेच करायचे. तिनं सहा वर्षं पाहिलं होतं, आणि आज पहिल्यांदा बघत होती.

धाकटी डब्याशी गेली. सुनेला ओरडायचं होतं, ओरडायला वेळ मिळाला नाही. पोरीनं हात बुडवला, गुळगुळीत शेंदूर तळहातावर बघितला आणि धावत जाऊन भिंतीवर ताईच्या हाताशेजारी छापला.

"आई, बघ! ताईसारखा!"

दोन हात शेजारी शेजारी. एक ओला, एक तीन वर्षांचा. जुन्याची झळाळी जरा मावळली होती, एवढंच. बाकी अगदी तोच रंग.

हातातलं डाळीचं सूप कधी पडलं ते सुनेला कळलं नाही. शेंदरी उन्हात उडते. पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. माझी चादर उडाली, आणि तीन वर्षं रोज या हाताकडे बघत मी पोर जात नाही म्हणत राहिले. हा शेंदरीचा हात नाहीच. त्या दिवशीही आबा पिंप रंगवत होते. त्या दिवशीही डबा उघडा होता.

तिनं धाकटीला बगलेत मारलं, विहिरीवर नेलं आणि साबण लावून हात इतका घासला की पोर किंचाळायला लागली. मग ती परत आली. तिनं पिंपावरचा एक वाळका पापुद्रा, जुन्या थराचा, नखानं उचकटून कागदात बांधला.

"आबा, बाईनं विचारलं आतून कसला रंग आहे, तर तुम्ही काय म्हणालात?"

आबांनी पिंपातून डोकं बाहेर काढलं. "शेंदरी म्हणालो. मग काय खोटं आहे?"

"खोटं नाही. रंगानं शेंदरी आहे. पण शेंदूर आहे ना तो?"

"शेंदूरच. जवसाच्या तेलातला. शंभर वर्षं गंजाला लोखंड खाऊ देत नाही." ते पिंपाकडे बघायला लागले, मग भिंतीकडे.

सून थांबली नाही. नवऱ्याला हाक मारली, पोरीला कडेवर घेतलं आणि दोघं डेअरीकडे निघाली.

बाईनं पापुद्रा हातात घेऊन एवढंच म्हटलं, "अरे देवा, मी शेंदरी लिहिलं." मग तिनं समजावून सांगितलं. शेंदूर म्हणजे शिसंच. खाराच्या पाण्यात तेलाचा थर सुटतो, आणि जेवढं जास्त मुरवाल तेवढा जास्त सुटतो.

"यंदा आम्ही चार दिवस मुरवलं," नवरा म्हणाला. "रंग चांगला यावा म्हणून."

"आणि ते चीज?" सुनेनं विचारलं. "सहा वर्षं लोकांनी खाल्लं ते?"

बाईनं पापुद्रा परत कागदात बांधला. "टाकीभर दुधात एक वडी जाते. फार थोडं. पण थोडं कुणाकुणाच्या पोटात गेलं ते मला सांगता येणार नाही."

धाकटीच्या रक्ताचं उत्तर आलं. शिसं होतं, पुष्कळ होतं, पण वेळ गेली नव्हती. तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. औषधानं तिला उलट्या व्हायच्या, ती आईला मारायची, आणि सून मार खात हसायची, कारण अंगात जोर आहे म्हणून तर मारतेय. एकोणीस दिवसांनी धाकटीनं आपणहून मागून भात खाल्ला. त्या दिवशी सून दवाखान्याच्या मोरीत जाऊन पोटभर रडली. थोरलीसाठी रडली. तिच्यासाठी इतकं मोकळं रडू तिला तीन वर्षांत आलं नव्हतं, कारण जी गेलीच नाही तिच्यासाठी रडायचं तरी कसं?

घरी आली तेव्हा पिंप नव्हतं. आबांनी ते भंगारात दिलं नव्हतं, आणखी कुणी वापरेल म्हणून. नवऱ्याकडून खड्डा खणवून पुरलं होतं. स्वतः शेडबाहेर दगडावर बसून होते. दाढी वाढलेली. त्यांनाही औषध चालू होतं, पण मनगट उठायचं तेवढं उठलं नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले. "रंगाचा माणूस मी. साठ वर्षं झाली. शेंदरी उडते हे मी लोकांना शिकवतो. तो हात उडत नव्हता तेव्हा मला कसं कळलं नाही गं?"

तिच्याकडे पुष्कळ उत्तरं होती. लपून चाटवत होतात, हे होतं. मी नको म्हटलं होतं, हे होतं. दवाखान्याच्या खाटेशी बसून तिनं ती सगळी घासूनपुसून ठेवली होती. पण म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. तो भिंतीकडे बघत होता.

"मीही रोज बघत होते, आबा," ती म्हणाली.

नर्सनं सांगितलं होतं की घरात जिथं जिथं शेंदूर असेल तिथं तो ओला करून काढा, कोरडा घासू नका, धूळ होते. फाटकाची बिजागरी झाली, रहाट झाला. भिंत राहिली. सुनेनं बादली आणली, पत्र्याची पट्टी आणली, नाकातोंडाला फडकं बांधलं. आबा उठले. "मला करू दे," म्हणाले. तिनं पट्टी त्यांच्या पंज्यात दिली आणि वरून आपल्या हातानं मनगट धरलं. तशी दोघांनी खरवडायला सुरुवात केली. धाकटीचा हात आधी निघाला, ताजा होता. मग पट्टी थोरलीच्या करंगळीपाशी आली, त्या वाकड्या करंगळीपाशी, आणि थांबली. आबांनी ती खाली घेतली.

"एवढा राहू दे का गं? मागे वळचणीखाली आहे. कोण हात लावतंय?"

सुनेनं भिंतीकडे बघितलं. तिलाही तेच हवं होतं, देवाशपथ तेच हवं होतं.

"नको आबा," ती म्हणाली. "धाकटीचा हात पोचतो तिथं."

पुढच्या हंगामात लाकडी टाकी आली. बी चांगली होती, ऊन कडक होतं. डेअरीनं तीन वेळा तपासून रंग घेतला. आबांनी बोट बुडवलं नाही. डबे गाडीत चढेपर्यंत पाठमोरे उभे राहिले. एके दिवशी धाकटी रंगाच्या टोपलीत हात घालून पळाली आणि चुना मारलेल्या भिंतीवर छापून आली. सगळं घर जागच्या जागी थिजलं. सुनेनं टोपलीत बोट घातलं, हुंगलं. शेंदरी. नुसती शेंदरी.

ती रोज सकाळी भिंतीशी जाऊन बघायची. पाचव्या दिवशी केशरी होता, बाराव्या दिवशी पिवळा. विसाव्या दिवशी करंगळी सापडेना. तेविसाव्या दिवशी भिंत कोरी होती. सून तिथं बराच वेळ उभी राहिली, मग धाकटीला हाक मारून म्हणाली, "जा गं, अजून एक छाप."